मला वाचता येत होतं

"अंगाला वास येतो. अंतर ठेवून बसवावे."

हे माझ्याबद्दल लिहिलं होतं. निळ्या शाईत, सुंदर वळणदार अक्षरात, माझ्यापासून हातभर अंतरावर. लिहिणाऱ्या बाईंनी वही झाकली नाही. झाकायची गरजच नव्हती. समोर बसलेल्या पोरीला अक्षरओळख नाही, हे त्यांनी दोनच ओळी वर लिहून ठेवलं होतं.

मला येत होतं. वही उलटी असली तरी येत होतं.

लिहून झाल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं, माझ्याकडे बघून गोड हसल्या आणि चित्राचं कार्ड समोर धरलं. "हा बघ, हा अ. अ अननसाचा. म्हण बरं." आमच्या शाळेच्या ओसरीवर बसलेल्या एकाही पोराने अननस पाहिला नव्हता, पण ते सोडा. मी तेव्हा चौथीत होते. नऊ वर्षांची होते. घरी संध्याकाळी मायला पेपराचा तुकडा घडाघडा वाचून दाखवत होते. आणि मी मान खाली घालून म्हटलं, "अ." जसा काही जन्मात पहिल्यांदा ऐकला.

मग त्यांचं लक्ष नाही असं पाहून झग्याची बाही नाकाशी नेली. चुलीच्या धुराचा वास होता. तोवर मला तो वास आहे हेच माहीत नव्हतं.

हे असं कसं झालं ते सांगते.

ती सालं वऱ्हाडाची फार वाईट होती, कापूस बुडालेला आणि कर्जापायी शेतकरी जीव देत होते. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात. बाहेरून गाड्या यायच्या, माणसं उतरायची, फोटो काढायची, याद्या करायची. यादी सातबाऱ्यावरून व्हायची. आमच्या नावावर सातबारा नव्हता. आम्ही दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचणारी माणसं. वावरात कापूस नाही तर वेचणी नाही, वेचणी नाही तर चूल नाही, इतका सरळ मामला. पण दुःख फक्त पेरणाऱ्याला होतं म्हणे. वेचणारीला कोण विचारतो? बाप धामणगावच्या बाजारात पोती उचलायला जायचा, तिथेही बाजार थंड म्हणून रिकामा बसून परत यायचा. आमचं गाव चांदूर रेल्वे तालुक्यातलं. आमचा मोहल्ला नाल्यापलीकडचा, निळ्या झेंड्याचा. गावाचं नाव सांगत नाही. त्यातली बरीच माणसं अजून तिथे राहतात.

एकदा कोणीतरी धान्य वाटायला आलं. यादी नव्हती, नुसती रांग होती. माय जाताना ठेवणीतलं लुगडं नेसून गेली. चार मोठी माणसं येणार तर जरा नीट जावं, एवढंच तिच्या मनात. वाटणाऱ्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ही तर चांगली खात्यापित्या घरची दिसते. हिला कशाला?" माय रिकामी पिशवी घेऊन परत आली. तिच्या मागची, फाटक्या पदराची, भरून घेऊन गेली.

त्या दिवसापासून मायने ठरवलं. मदत घ्यायला जाताना असेल ते लपवायचं. पायात चप्पल असेल तर घरी काढून ठेवायची. केसाला तेल लावायचं नाही. मायच कशाला, सगळा मोहल्लाच हे शिकला होता. नाल्यावर गाडीचा आवाज आला की बाया स्वतःचेच केस विस्कटायच्या आणि एकमेकींकडे पाहून हसायच्या. 

मग अमरावतीहून ती रविवारची जीप आली. शहरातल्या चांगल्या घरच्या बाया आणि कॉलेजच्या मुली. कोणी वकिलाची बायको, कोणी प्रोफेसरीण. पगार नाही, काही नाही, आपल्या मनाने आलेल्या. एक ताई, एक मूल. प्रत्येक ताईने एकच मूल धरायचं, त्याच्याजवळ बसायचं, त्याला वर्षभर वाचायला शिकवायचं. आणि वर्षाच्या शेवटी, त्यांच्या सगळ्या गावांत मिळून ज्या मुलाची प्रगती सगळ्यात जास्त, त्याला पाचवीपासून अमरावतीच्या वसतिगृहात ठेवणार. शाळा, जेवण, कपडे, सगळं त्यांच्याकडून.

एकच जागा.

आमच्या गावची शाळा चौथीपर्यंत होती. पुढची शाळा चांदूरला, नऊ किलोमीटर, सकाळची एसटी नाही. नाल्यापलीकडची एकही पोरगी तोवर पाचवीत गेली नव्हती. चौथी झाली की कमरेला कापूस वेचायची ओटी बांधायची आणि आईच्या मागे कापसात उतरायचं. माझ्यापुढे ती ओटी होती, नाहीतर ती जागा. तिसरं काही नव्हतं.

माझी माय तिसरी शिकलेली. कोणाला खरं वाटत नसे. वेचणीच्या दिवसांत दुपारची भाकर खाऊन झाली की ती धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, धुळीत कापसाच्या पऱ्हाटीच्या काडीने अक्षर काढायची. मी शाळेत जाण्याआधीच वाचायला शिकले ते तिथे. खताच्या पोत्यावरचं वाचायचे, एसटीवरचं वाचायचे, भजी बांधून आलेला कागद तेलकट असला तरी उजेडाकडे धरून वाचायचे. हे सगळं मायने दिलेलं. आणि तीच माय जीप यायच्या आदल्या संध्याकाळी मला म्हणाली, "उद्या इचारतीन, वाचता येते का. तं येत नाई म्हनजो."

"पन मले येते ना."

"येते म्हनूनच सांगून रायली. येते म्हनलं तं म्हनतीन, हिले काय गरज हाय? ज्याले काईच नाई येत त्यालेच देतेत हे लोकं. एक साल कड काढ. मंग तुले कोनी अडवनार नाई."

मला पटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पटलं. रांगेत माझ्यापुढे शबाना होती, बांगड्या विकणाऱ्या मणियाराची पोरगी, माझ्याच वर्गातली. घरी उर्दू-हिंदी बोलणारी, पण मराठी वाचायची माझ्यासारखीच. तिच्या हातात कार्ड दिलं. तिने सगळं वाचलं, एका दमात. ताई खूश झाल्या. "अगं, तुला तर छान येतं की! मग बाळा, तू जा घरी. ही जागा ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी आहे." शबाना कार्ड परत देऊन थोडा वेळ तशीच उभी राहिली. आपलं काय चुकलं ते तिला कळेना. मग गेली.

माय बरोबर होती.

"पुढची."

कार्ड माझ्या हातात आलं. मी ते पाहिलं. उलटं धरावं का, असाही विचार आला. आणि मी म्हटलं, "नाई येत."

रविवारी शाळा बंद, गुरुजी गावात नसायचे, त्यामुळे खरं सांगणारं तिथे कोणी नव्हतं. माझ्या वाट्याला आल्या वसुधाताई. अमरावतीच्या एका नावाजलेल्या वकिलांच्या घरच्या. पन्नाशीच्या, गोऱ्या, बारीक काठाची सुती साडी. खोटं कशाला बोलू, बाई नेमाच्या होत्या. वर्षभरात एक रविवार चुकवला नाही. ऑक्टोबरच्या उन्हात डोक्याला रुमाल बांधून यायच्या. येताना केळी आणायच्या. शिकवताना त्यांचा आवाज मऊ असायचा. स्वतःसाठी प्लास्टिकचं आसन आणायच्या, स्वतःच्या पाण्याची बाटली आणायच्या, आणि ती वही आणायच्या. दर रविवारी पंधरा मिनिटं मी अक्षर गिरवायचे आणि त्या माझ्याबद्दल लिहायच्या.

त्यांना वाटायचं त्या भिंतीसमोर लिहीत आहेत.

येत नसलेलं शिकणं सोपं आहे. येत असलेलं न येणं फार कठीण. करून बघा कधी. एका रविवारी किती अक्षरं ओळखावीत म्हणजे शंका येणार नाही? मग मी बाकीच्या पोरांकडे पाहू लागले. अकरा पोरं होतो आम्ही. ज्यांना खरंच येत नव्हतं ती कुठे अडतात, घ ला ध म्हणतात, भ आणि म मध्ये घोळ घालतात, काना विसरतात. मी ते पाठ करायचे आणि पुढच्या रविवारी तसंच चुकायचे. सगळी पोरं येण्याचा अभ्यास करत होती, मी न येण्याचा. आणि मी तो मन लावून केला. वसुधाताई कधी कपाळाला हात लावायच्या. एकदा क आणि फ तिसऱ्यांदा चुकवले तर त्यांनी पट्टी घेऊन माझ्या बोटांच्या पेरांवर दोनदा मारली. लागलं नाही फार. मग त्यांनी वही उघडली आणि लिहिलं, "मंदबुद्धी?"

पुढे प्रश्नचिन्ह होतं. मी आठवडाभर त्या प्रश्नचिन्हाला धरून राहिले. म्हणजे त्यांना नक्की माहीत नाही. म्हणजे अजून नाही.

वहीत दर रविवारी काही ना काही असायचं. "डोक्यात उवा असाव्यात." "केळं अधाशासारखं खाते. घरचं वळण नाही." एकदा माय मला न्यायला आली, हात जोडून त्यांच्यापुढे उभी राहिली, "पोरीकडे ध्यान देजा बाई" म्हणाली. ती पाठमोरी झाली तशी ताईंनी वही उघडली. "आई धूर्त वाटते. मदतीवर डोळा."

घरी जाताना मायने विचारलं, "बाई काय लिहितेत वं तुयाबद्दल?"

"पोरगी चांगली हाय म्हनून लिहितेत."

मायचा चेहरा फुलला. मला तिथेच रस्त्यावर बसून रडावंसं वाटलं. पण मला काही वाचताच येत नव्हतं, मग रडणार कशासाठी?

दिवाळी गेली, थंडी आली. वेचणी त्या वर्षी दोन फेऱ्यांतच संपली. घरी ज्वारीच्या कण्या शिजायच्या, त्याही एक वेळ. माय मला सारखी म्हणायची, होळीपर्यंत कड काढ. आणि तेव्हाच एका संध्याकाळी ते झालं. चुलीपुढे बसून मी मायला नेहमीसारखा पेपराचा तुकडा वाचून दाखवत होते. वाचता वाचता थांबले. समोर क होता आणि जीभ पुढे जाईना. क की फ? मला खरंच कळेना.

"मायापाशी नाटक नको करू," माय म्हणाली.

"नाटक नाई वं माय."

मी पुन्हा वाचायला गेले. पुन्हा अडले.  सोंग अंगात शिरलं होतं. मायच्या हातातलं सरपण हातातच राहिलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की ते पाहणं मला आजही सहन होत नाही. आपल्याच हाताने दिलेलं आपल्याच हाताने काढून घेतलं, हे तिला त्या क्षणी कळलं. मग तिने सरपण चुलीत सारलं. दुसरं करणार काय होती? अर्ध्यात सोडलं असतं तर जागाही गेली असती आणि अक्षरही. दोघीही अडकलो होतो.

त्या दिवसापासून मी शाळेत जाता-येता तोंडातल्या तोंडात धडे म्हणायचे. रविवारी विसरायचं आणि सोमवारी आठवायचं. कधीकधी वाटायचं, एखाद्या सोमवारी आठवणारच नाही.

माघापासून मी रविवारी थोडं थोडं येऊ दिलं, आणि शेवटी ताईंपुढे अख्खा धडा वाचू लागले. फाल्गुनात अमरावतीला संस्थेचा कार्यक्रम ठरला. मोठा हॉल, देणगी देणारे लोक, पाहुणे. आदल्या रविवारी वसुधाताईंनी मला जवळ बसवलं. त्या दिवशी पहिल्यांदा हातभर अंतर नव्हतं. म्हणाल्या, "हे बघ, स्टेजवर तुला कार्ड देईन. आधी चुकायचं. मुद्दाम. सुरुवातीला चुकायचीस तसं. मग मी तुझ्या पाठीवर हात ठेवीन. हात ठेवला की धडा वाचायचा, न अडखळता. म्हणजे लोकांना फरक दिसेल. नीट केलंस तर वसतिगृहाची जागा तुझी. मी शब्द देते."

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. वर्षभर मला वाटत होतं, खोटं फक्त आम्ही बोलतो, आमच्यासारखे, पोटासाठी. आज कळलं, त्यांनाही चालतं. त्यांच्या खोट्याला फक्त चांगलं नाव असतं.

कार्यक्रमाच्या दिवशी जीप आम्हा अकरा पोरांना घेऊन गेली. माझ्या मायलाही बसवलं. मुलीची आई कार्यक्रमाला दिसावी म्हणे. मायने त्या दिवशी मुद्दाम ठिगळाचं लुगडं नेसलं. हॉलच्या दारात एका कार्यकर्त्याने तिला थांबवलं. "बाई, तुम्ही इथेच बसा. पाहुण्यांच्या चपलांकडे लक्ष ठेवा." माय लगेच बसली. तिला तर बरंच वाटलं, आपला काहीतरी उपयोग झाला म्हणून. स्टेजवरून ती मला दिसत होती. दाराच्या चौकटीत, चपलांच्या मधोमध.

वसुधाताई माइकवर बोलायला उभ्या राहिल्या. मी बाजूला, नवा झगा, डोक्याला रिबीन. त्यांनी ती वही समोरच्या स्टँडवर उघडी ठेवली आणि वाचू लागल्या. "पहिला रविवार. मुलगी लाजरी आहे, पण डोळे बोलके आहेत. पाचवा रविवार. आज ती पहिल्यांदा हसली."

असं एक अक्षरही त्या वहीत नव्हतं. मला वही पाठ होती.

लोक हळहळत होते. मग त्यांनी वहीवरून डोळे उचलले आणि घरचं सांगायला घेतलं. "हिच्या घरात सात पिढ्यांत कोणी पाटी धरलेली नाही. आईला तर मुलगी शाळेत जाते की नाही याचंही भान नसतं. तिचाही दोष नाही म्हणा. या लोकांना शिक्षण म्हणजे काय हे कधी कोणी सांगितलंच नाही."

मी दाराकडे पाहिलं. मायने ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. हो म्हणून. म्हणू दे पोरी, जे म्हणतात ते म्हणू दे. आपलं काम होऊ दे.

ती मान मला सहन झाली नाही. बाईंचं बोलणं नाही, वहीतली एक ओळ नाही. ती मान. धुऱ्यावर उकिडवी बसून मला बाराखडी शिकवणारी बाई शंभर माणसांत स्वतःच्या अडाणीपणाला हो म्हणत होती. माझ्यासाठी म्हणत होती. माझं डोकं एकदम थंड झालं.

कार्ड समोर आलं. "हं, हे कोणतं अक्षर?" मी गप्प. आता चुकायचं होतं. मी चुकले नाही.  त्यांना वाटलं पोरगी घाबरली, म्हणून त्यांनी घाईने पाठीवर हात ठेवला. मी त्या हाताखालून निघाले, स्टँडशी गेले, पानं मागे उलटली आणि वाचू लागले.

"अक्षरओळख नाही. स्वच्छता नाही. अंगाला वास येतो. अंतर ठेवून बसवावे."

माइक चालू होता. आवाज हॉलभर गेला. माझाच आवाज, पण मला ओळखू येईना.

"डोक्यात उवा असाव्यात. केळं अधाशासारखं खाते. घरचं वळण नाही."

कोणीतरी "अगं, अगं" म्हणालं. मी वाचत राहिले. कुठेही अडले नाही.

"मंदबुद्धी? आई धूर्त वाटते. मदतीवर डोळा."

मग मी वर पाहिलं. आणि जे तोंडाला आलं ते बोलले. "मले पयल्या दिवसापासून वाचता येते. माया मायनं शिकवलं. थे तिथं बसली हाय, तुमच्या चपला राखून रायली."

एका माणसाने माइक बंद केला. टाळी वाजली नाही. असल्या वेळी टाळ्या वाजतात असं तुम्हाला वाटत असेल, तर वाजत नाहीत. पुढच्या रांगेतलं कोणी म्हणालं, "किती उद्धट!" दुसरं म्हणालं, "बघा, हे असे असतात." एका बाईने आपली पर्स जवळ ओढून घेतली.

वसुधाताई रडत होत्या. खरंच रडत होत्या. मला बाजूच्या खोलीत नेलं आणि म्हणाल्या, "माझे वर्षाचे रविवार! घरातलं सगळं सोडून मी तुझ्यासाठी यायचे. आणि तू वर्षभर मला फसवलंस?"

"हो," मी म्हटलं. "फसवलं. तुमाले न येनारंच पोरगं पायजे होतं."

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि त्या खोलीबाहेर गेल्या. 

जीप आम्हाला न घेता गेली. मायलेकी चालत बसथांब्यापर्यंत गेलो, बडनेऱ्याला उतरलो, चांदूरला जाणाऱ्या पॅसेंजरची वाट पाहत फलाटावर बसलो.  बसल्याबसल्या मायने मला मारलं. गालावर, पाठीवर, जिथे हात लागेल तिथे. लोक पाहत होते. "दोन मिनटं गप रायली असती तं! दोन मिनटं! जलम सुधरला असता तुया. काहून केलं वं, काहून?" मारता मारता तिचा हात थांबला. मग ती रुळांकडे पाहत बसली. आणि हळूच विचारलं, "थे धूर्त म्हनजे काय?"

तिच्यापुढे खोटं बोलायचाही मला आता वीट आला होता. "लबाड," मी म्हटलं.

"मंग बरोबरच लिवलं," माय म्हणाली. "लबाडच झाली मी. तुयासाठी झाली."

जागा दुसऱ्या एका गावच्या मुलाला मिळाली. जून आला, माझ्या वर्गातली चार पोरं सायकलने चांदूरला जाऊ लागली आणि माझ्या कमरेला ओटी आली. आधी खुरपणी, मग निंदण, मग वेचणी. मी पुढे कसं शिकले ते इथे सांगणार नाही. ते सांगितलं की ऐकणाऱ्याला शेवट गोड वाटतो, आणि तो सुखाने घरी जातो.

खरं ते पुढे आहे. कार्यक्रमानंतरच्या रविवारी जीप आली नाही. त्यानंतरच्याही नाही. मोहल्ल्याने आमच्याशी बोलणं सोडलं. "तुया पोरीनं गाडी बंद केली," बाया मायच्या तोंडावर म्हणायच्या. आणि त्यांचं काय चुकत होतं? बाकीची दहा पोरं खरंच शिकत होती. त्यांतली वनिता म्हणून दुसरीतली पोरगी, तिला शिकवणारी कॉलेजातली ताई खरोखर जीव लावणारी होती. वनिता दर रविवारी तेल लावून, वेणी घालून शाळेच्या ओसरीवर येऊन बसायची. एकटी. दुपारपर्यंत रस्त्याकडे बघायची आणि उठून घरी जायची. हे मी पाहिलं. एकदा नाही, चारदा पाहिलं. बाईंना मी जे ऐकवलं त्याचा मला त्या दिवशी पश्चात्ताप नव्हता, आजही नाही. पण ते ऐकवण्यात या पोरीचं अक्षर गेलं होतं, आणि ते माझ्यामुळे गेलं होतं. दोन्ही खरं होतं. दोन्हींपैकी एकही सोडून देता येत नव्हतं.

पाचव्या रविवारी मी तिच्याशेजारी जाऊन बसले. "गाडी येत नाई आता," मी म्हटलं.

"मंग मले कोन शिकवीन?"

"मी."

तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. सगळ्या गावाला माझी गोष्ट माहीत होती. "तुले काय काय येते थे सांग पयले," मी म्हटलं.

"काईच नाई येत," ती म्हणाली. लगेच, सवयीने, डोळे खाली घालून. तिलाही घरून तेच शिकवून पाठवलेलं होतं.

मला फार राग आला. तिच्यावर नाही. हे आम्ही आमच्या लेकरांना दुधाबरोबर पाजत होतो. जवळ आहे ते नाही म्हण, म्हणजे कोणीतरी काहीतरी टाकेल. आम्हाला उपाशी ठेवणारे कोण होते ते मला तेव्हा नीट कळत नव्हतं. पण आम्हाला असं वाकवत नेणारं काय होतं, ते त्या ओसरीवर दहा वर्षांच्या वयात मला लख्ख कळलं. "खोटं नको बोलू," मी म्हटलं. "मायापाशी खोटं बोलाचं काम नाई. काय येते?"

तिने हळूच मान वर केली. मग म्हणाली, "म पर्यंत येते. आन् शंभर पर्यंत आकडे. आन् कापसाच्या जाती सांगता येतेत, बाबा सांगते त्या."

"लय येते," मी म्हटलं. "बस."

तेव्हापासून मी शिकवते आहे. एका वेळी एकच मूल, रविवारी, आणि आता इतर दिवशीही. गाड्या अजून येतात. माणसं चांगली असतात, खाली उतरून नमस्कार करतात, आणि मग विचारतात, यांतलं सगळ्यात मागे पडलेलं मूल कोणतं? फोटो घ्यायचा आहे. मी सांगते, फोटो मिळणार नाही. मग पुस्तकं येत नाहीत, दप्तरं येत नाहीत, आणि मोहल्ल्यातल्या बाया माझ्याशी भांडायला येतात. त्यांच्या शिव्या मी ऐकून घेते, कारण त्या दप्तराची किंमत मला माहीत आहे. मी एकदा मोजली आहे. पुन्हा मोजीन. पण आपलं लेकरू रिकामं आहे असं सांगून कोणाच्याही पुढे हात पसरायचा नाही. मी पसरू देणार नाही. आईबापांनी पसरला तर त्यांच्याशीही भांडेन. या मोहल्ल्यातलं पोर ज्या दारात जाईल, तिथे आधी आपल्याला काय येतं ते मोठ्याने सांगेल, आणि ते ऐकून ज्याला दार लावायचं आहे त्याने खुशाल लावावं.